‘राज्य’ आणि ‘दरबार’ : टिळकांच्या एका रूपकाचा विचार

नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांचा एक बंधुसंघ योजिला. त्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ असे नाव दिले. प्रस्तुत विवेचनाचा विषय या नावातील रूपक हा आहे.

मराठी बायबलात रूढ झालेला शब्दप्रयोग ‘देवाचे राज्य’ असा आहे. ‘राज्य’ म्हटले की सीमा, सत्ता आणि प्रजा या कल्पना ओघाने येतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू पिलातासमोर आपले राज्य या जगाचे नसल्याचे सांगतो, तेव्हा तो याच कल्पना नाकारीत असतो. ‘दरबार’ हा शब्द सीमेपेक्षा सान्निध्य सुचवितो. राज्यात असणे म्हणजे हद्दीत असणे. दरबारात असणे म्हणजे राजासमोर असणे. बाप्तिस्म्याला अनुयायित्वाची हद्द न मानण्याची टिळकांची भूमिका या शब्दात नेमकी सामावते. सेवकत्वाचा अर्थही त्यामुळे पालटतो. मिशनची चाकरी संस्थेच्या द्वारा घडते. दरबारातील सेवेचा संबंध थेट धन्याशी असतो.

तथापि या रूपकाची मर्यादाही येथेच आहे. दरबारात राजा आसनस्थ असतो, सेवक उभे असतात आणि मानकऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात मात्र प्रभूच शिष्यांचे पाय धुतो आणि पंधराव्यात त्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. राजाच सेवक होण्याचा हा व्युत्क्रम दरबाराच्या चौकटीत मावत नाही.

तो व्यक्त करणारी प्रतिमासृष्टी मराठी भक्तिपरंपरेत सिद्ध होती. वारकरीही विठ्ठलाला ‘पंढरीराया’ म्हणतात; पण तोच राया जनाबाईबरोबर दळावयास बसतो. एकनाथांच्या घरी श्रीकृष्ण श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. संबोधनातील राजपद कथेत असे विरघळते. तुकोबांचे ऋण मानणाऱ्या टिळकांना ही परंपरा परकी नव्हती. असे असूनही संघाच्या नावात त्यांनी राजपद घेतले, त्याचे विसर्जन घेतले नाही.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. दरबार संस्था म्हणून स्थिरावला नाही. त्याचे कारण रूपकात शोधणे अन्यायाचे ठरेल. मात्र ख्रिस्तराज्याच्या कोणत्याही मराठी प्रतिमेचे मूल्यमापन करताना एक निकष टाळता येणार नाही : त्या प्रतिमेत राजाला सिंहासनावरून खाली उतरण्यास वाट आहे काय? ‘दरबार’ सेवकाला राजाजवळ नेतो; राजाला सेवकाच्या पायांपाशी आणू शकत नाही.