मैदान कोणाचें?

दूरचित्रवाणीवर दिसणारा खेळ ही मैदानावरील खेळाची निव्वळ प्रतिकृति नसून ती एक स्वतंत्र रचना आहे. म्हणून नाटक-कादंबरीप्रमाणें तिचीहि टीका झाली पाहिजे, असें आमचें मत आहे. कॅमेरा काय दाखवितो, काय गाळतो, समालोचक कोणत्या भाषेंत बोलतो आणि या सर्वांची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न रसिकतेच्याच कक्षेंतले आहेत. त्यांतहि महाविद्यालयीन खेळाचें प्रक्षेपण आम्हांस विशेष विचारार्ह वाटतें. कारण तेथें खेळाडू हा विद्यार्थी असतो आणि मैदान हें शिक्षणाचें अंग असतें.

वर्धा जिल्ह्यांतील देवळीचेंच उदाहरण घ्या. या तालुक्याच्या गांवीं मर्दानी खेळांची आवड नवी नाहीं. कुस्तीच्या आखाड्यांतून पुढें येऊन २०१४ पासून २०२४ पर्यंत वर्ध्याचे खासदार राहिलेले रामदास तडस देवळीचेच. हा सारा जिल्हा १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत येतो. परंतु अशा गांवांतील आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना दूरचित्रवाणीवर सहसा येत नाहीं. फार तर कोणा विद्यार्थ्याच्या मोबाईलमधून तो यूट्यूबवर चढतो आणि घरचीं माणसें तो पाहतात. यावर कोणी म्हणेल कीं, विद्यापीठांनीं एकत्र यावें, स्वतःची वाहिनी काढावी आणि प्रक्षेपणाचे हक्क विकून खेळाडूंची सोय करावी. हा उपाय जेथें पुरतेपणीं करून पाहिला गेला, त्या अमेरिकेची हकीकत म्हणूनच ध्यानांत घेण्याजोगी आहे.

१९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेचा ताबा मोडून काढला आणि हक्कविक्री विद्यापीठांच्या व ‘कॉन्फरन्स’ नांवाच्या त्यांच्या गटांच्या हातीं आली. ‘बिग टेन’ गटाची वाहिनी २००७ सालीं निघाली. २०२२ सालीं त्याच गटानें सात वर्षांच्या हक्कांसाठीं केलेल्या करारांची रक्कम सात अब्ज डॉलरांच्या वर सांगितली गेली. आज या गटाच्या नांवांत दहा आणि घरांत अठरा विद्यापीठें आहेत! उलट, १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या ‘पॅक-ट्वेल्व्ह’ गटानें २०१२ सालीं संपूर्ण स्वतःच्या मालकीची वाहिनी उभारली. परंतु पुढील हक्कांस मनाजोगें गिऱ्हाईक मिळेना, तेव्हां बारांपैकीं दहा विद्यापीठें निघून गेलीं आणि २०२४ सालीं ती वाहिनी बंद पडली. पॅसिफिक किनाऱ्याकडील स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया हीं विद्यापीठें आतां ‘अटलांटिक कोस्ट’ गटांत खेळतात. भूगोलाची अशी थट्टा एखाद्या प्रहसनकारासहि सुचली नसती. शेजाऱ्याशीं असलेली पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस हीच ज्या खेळाची कथावस्तु, तिचेंच अनेक ठिकाणीं विसर्जन झालें. आणि ज्यांच्या अंगमेहनतीवर हा व्यवहार उभा, त्या विद्यार्थ्यांस उत्पन्नाचा वाटा थेट देण्याची मोकळीक विद्यापीठांस मिळाली ती २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें!

आपल्याकडे असें होणार नाहीं असें म्हणावें, तर कबड्डीचा अनुभव ताजा आहे. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तीस सेकंदांची चढाई, दोन निष्फळ चढायांनंतरची ‘करो वा मरो’ची चढाई, तीन वा त्याहून कमी गड्यांनीं केलेल्या पकडीस जादा गुण, या नियमांत प्रेक्षकाची नजर पडद्यावरून हलूं न देण्याची सोय उघड दिसते. त्यांनीं खेळास वेग दिला, आणि लीगनें खेड्यांतील गड्यांस नांव व पैसा दिला, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. परंतु हुतूतूचें जें मर्म, एका श्वासाचा दम, तें घड्याळाच्या कांट्याआड गेलें. दम हा कानानें ऐकावयाचा असतो. संगीताच्या आणि निवेदनाच्या गलक्यांत तो ऐकूं येत नाहीं. पैसा आला याचें आम्हांस दुःख नाहीं. विकत घेणाराच हळूहळू संहिता लिहूं लागतो, हा आमचा आक्षेप आहे.

मग सरकारी पडदा हा उतारा होय काय? १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं कबड्डीचें प्रात्यक्षिक केलें. ऑलिंपिकचें थेट दूरचित्रण झालें तें प्रथम त्याच वर्षीं. बर्लिनचे लोक सार्वजनिक दालनांत बसून तें पाहत. परंतु त्या पडद्यामागें एका क्रूर राजवटीचा प्रचार होता, हें विसरून चालणार नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या वादांत आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली आणि सरकारची मक्तेदारीहि अमान्य केली. पुढें २००७ च्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचें चित्रण प्रसार भारतीस देणें बंधनकारक झालें. महाविद्यालयीन कबड्डीस मात्र ना गिऱ्हाईक, ना हा कायदा.

आमच्या मतें या उपेक्षेंतच एक संधि आहे. जें अजून विकलें गेलें नाहीं, तें कसें राखावयाचें हें आधींच ठरवितां येतें. विद्यापीठांनीं प्रक्षेपणाचा हक्क आपल्या हातीं ठेवावा, तो एकाच गिऱ्हाइकास बांधून देऊं नये, आणि पुढें पैसा आलाच तर पहिला वाटा खेळणाऱ्याचा असावा. त्याहूनहि निकडीची गरज जाणत्या समालोचकाची आहे. बाळ ज. पंडितांनीं आकाशवाणीवरून परक्या क्रिकेटचें वर्णन मराठींत करून दाखविलें. कबड्डीला तर चढाई, पकड, लोण, निदानरेषा, दम हे शब्द घरचेच आहेत. मराठीच्या वर्गांतील एखादी विद्यार्थिनी मैदानाच्या कडेला उभी राहून तो दम शब्दांत पकडूं लागली, तर देवळीच्या सामन्यास वाहिनीवांचूनहि रसिक मिळतील. खेळ कोणाच्या मालकीचा, याचा निकाल करारपत्रावर लागो. तो कोणाच्या भाषेंत सांगितला जावा, हें ठरविणें अद्याप आपल्या हातीं आहे.