हितचिंतक की सहभागी?
पंडिता रमाबाईंच्या साक्षीच्या अनुषंगाने काही विचार

नाताळच्या सुमारास वडोदऱ्यातील मराठी भाषक ख्रिस्ती घरांत जे टपाल येते, त्यात शुभेच्छापत्रांच्या जोडीला निरनिराळ्या सेवासंस्थांची वार्षिक वृत्ते व मदतीची आवाहनेही असतात. अलीकडे त्यांतील पुष्कळशी मोबाईलवरच येतात. परंतु साधन बदलले तरी मजकुराची घडण बदललेली नाही. आरंभी गरजेचे वर्णन, मध्ये कार्याचे आकडे, शेवटी आभार व बँकेच्या खात्याचा क्रमांक. हे सारे आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि अशी पत्रे वर्षानुवर्षे वाचल्यावर आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्यांना आपण 'हितचिंतक' म्हणतो, त्यांच्या आत्मिक वाढीची जबाबदारी कोणाची? ते देतात व आपण पावती पाठवतो, एवढ्यावरच हा संबंध संपतो काय?

या प्रश्नाचा विचार करताना पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आपली साक्ष पुन्हा वाचावी, असे आम्ही पाळकांना व धर्मशिक्षकांना सुचवतो. गुजरातेतील वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे 'छप्पनिया' या नावाने गुजरातेत आजही आठवल्या जाणाऱ्या दुष्काळात रमाबाईंनी १९०० साली येथून शेकडो निराधार स्त्रिया व मुली केडगावला नेल्या होत्या. मुक्ति सदनाच्या इतिहासाचा एक धागा असा आपल्या प्रांतातून गेलेला आहे.

साक्षीचे मर्म समजण्यासाठी तिची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १८८७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावी 'रमाबाई मंडळे' निघाली व त्यांच्या सभासदांनी दहा वर्षेपर्यंत दरसाल निदान एक डॉलर देण्याचे वचन दिले. या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, ही या मदतीची अट होती. रमाबाई स्वतःच्या मुलीसह प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसत. एवढ्यावरून १८९३ साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि काही पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या प्रसंगी दोष कोणाचा, हा वाद आम्ही येथे उकरून काढू इच्छित नाही. सल्लागारांची स्थिती अवघड होती आणि बोस्टनकरांनी आपले दहा वर्षांचे वचन प्रामाणिकपणे पाळले. आम्हाला लक्षात आणून द्यावयाचे आहे ते निराळेच. हा सर्व आधार करुणेवर उभा होता. बालविधवांच्या दुःखाने लोक हेलावले होते. करुणा ही देवाची देणगी आहे. परंतु ज्या विश्वासातून कार्य निघाले तो विश्वास करारातच बाजूला ठेवलेला असल्यामुळे, तो प्रकट होताच काही आधार डळमळले.

साक्षीत या काळाविषयी रमाबाई जे लिहितात ते विलक्षण प्रांजळ आहे. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरही पुढे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर व जॉन पेटन यांची चरित्रे वाचून, हिंदुस्थानातही प्रभूवर असाच भाव का ठेवू नये, असे त्यांना वाटू लागले. एका जगन्मान्य संस्थेची चालक स्त्री आपल्या साहाय्यकांसमोर स्वतःची आत्मिक उणीव मांडते, ही गोष्ट आपल्या वार्षिक वृत्तांत कितीदा आढळते? आपण हितचिंतकाला यश कळवतो. आपली उणीव त्याच्यापासून लपवतो, आणि मग त्याने आपल्यासाठी कळकळीने प्रार्थना करावी अशी अपेक्षा धरतो!

तथापि या साक्षीचा स्वीकार डोळे मिटून करावा, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यात एक उणी बाजू आहे. आपल्यापाशी ठेव नाही, ठरीव उत्पन्न नाही, सर्व काही स्वर्गीय पित्याच्या हातून मिळते, असे रमाबाई कृतज्ञतेने सांगतात. हे खरेच. परंतु पित्याचे ते दान ज्या मानवी हातांतून आले, ते हात या निवेदनात पुसट होतात. त्यामुळे उथळ वाचक दोन चुकीचे निष्कर्ष काढू शकतो : एक, प्रार्थना हे निधी जमवण्याचे साधन आहे; दोन, देणाऱ्याशी आपले काही देणेघेणे नाही. रमाबाईंचे वर्तन मात्र याहून समंजस होते. दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. आणि १८९८ साली मुदत संपली तेव्हा पुन्हा अमेरिकेस जाऊन त्या साहाय्यकांना समक्ष भेटल्या. विश्वास आणि व्यवहार यांत त्यांना विरोध दिसला नाही.

जी गोष्ट साक्षीत पुसट आहे ती पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात ठळक आहे. हे पत्र म्हणजे एका अर्थी मदत पोहोचल्याची पावतीच होय. पण तिची रचना पाहावी. प्रत्यक्ष देणगीचा विषय अखेरीस, चौथ्या अध्यायात येतो. आरंभी त्यांच्यासाठी प्रार्थना आहे : त्यांची प्रीती ज्ञानाने वाढावी (१:९). मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन परतला, हे त्यांच्यापासून लपवलेले नाही (२:२५-३०). आपल्याला देणगीपेक्षा देणाऱ्यांच्या हिशेबी जमा होणाऱ्या फळाची आस आहे, असे पौल स्पष्ट सांगतो (४:१७). आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या मंडळीने त्याला पोसले तिच्यातीलच युवदीया व सुंतुखे या दोघींना एकचित्त होण्याविषयी तो नाव घेऊन विनवतो (४:२). आपल्यापैकी किती जण आपल्या मोठ्या देणगीदाराला अशी सूचना करण्यास धजतील? जो देणाऱ्याला भितो, तो त्याचा पाळक होऊ शकत नाही.

येथे आमची स्वतःची चूक कबूल करणे प्राप्त आहे. आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी आपल्या पेन्शनीतून एका वसतिगृहासाठी दरमहा थोडी रक्कम आमच्याकडे देत असत. आम्ही बारा वर्षे नियमाने पावती दिली. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्ही भेटीस गेलो. त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, त्या मुली माझ्यासाठी कधी प्रार्थना करतात का हो?" आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या मुलींना ह्या बाई ठाऊकच नव्हत्या. कारण आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही काही साध्या गोष्टी करू लागलो. सेवाक्षेत्रातून आलेले पत्र आम्ही घरोघरच्या प्रार्थनासभेत मोठ्याने वाचतो व त्यावर प्रश्न विचारू देतो. क्षेत्रातील लोकांना येथील देणाऱ्यांच्या गरजा कळवतो, म्हणजे प्रार्थना दोन्ही बाजूंनी होते. वर्षातून एकदा चार-सहा जणांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष कार्य पाहण्यास जातो. फसलेल्या योजनाही सांगतो. हिशेब मागणाऱ्याला अविश्वासू समजत नाही. कारण करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:२०-२१) पौलाने स्वतःच त्याची तरतूद केली आहे. याने वर्गणी फारशी वाढली, असे आम्ही म्हणणार नाही. दोघांनी तर कटू सत्य ऐकून वर्गणी बंद केली. परंतु पूर्वी केवळ पाकीट देणारा एक तरुण आता रविवारच्या शाळेत शिकवतो आहे.

येत्या वर्षाचे वृत्त लिहावयास बसाल तेव्हा, बंधूंनो, खाते क्रमांकाच्या आधी एक परिच्छेद असा असू द्या, की जो वाचून हितचिंतकाला स्वतःच्या विश्वासाविषयी दोन क्षण थांबावेसे वाटेल. आणि त्या पत्राच्या प्रती पेटीत टाकण्यापूर्वी त्यावरील नावे एकेक करून प्रभूपुढे घ्या.