आयोवाचं ॲप आणि आप्तवचन

आज आम्ही एका ॲपवर बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ॲपवर काय बोलावं, असं तुमच्या मनात येईल. आमच्या घरीही हेच म्हणतात. पण ३ फेब्रुवारी २०२० च्या रात्री अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जे झालं, ते मुळात ज्ञानाचं प्रकरण होतं असं आमचं मत आहे.

आयोवातलं कॉकस म्हणजे सरकारने घेतलेली निवडणूक नव्हे, पक्षाने स्वतः भरवलेल्या सभा. २०२० पर्यंत शाळेच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये, वाचनालयात डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक जमायचे, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि डोकी मोजली जायची. ज्या गटाला ठरावीक हिस्सा, बहुतेक ठिकाणी १५ टक्के, मिळत नसे, त्यातले लोक दुसऱ्या गटात जाऊ शकत. मग पुन्हा मोजणी. त्या वर्षी पहिल्या फेरीची मतं, शेवटच्या फेरीची मतं आणि त्यावरून निघणारा प्रतिनिधींचा हिशेब, असे तिन्ही आकडे पक्ष प्रथमच जाहीर करणार होता.

सुमारे १,७०० सभांचे हे आकडे वर पोचवायला पक्षाने शॅडो नावाच्या कंपनीकडून ॲप करून घेतलं. खर्च सुमारे ६० हजार डॉलर. (शॅडो म्हणजे छाया. नाव आम्ही ठेवलेलं नाही, बरं का.) राज्यभराच्या पातळीवर त्याची चाचणी झालीच नव्हती. आधी पत्रकारांनी कंपनीचं नाव विचारलं, तेव्हा सुरक्षिततेचं कारण सांगून पक्षाने ते दिलं नाही. त्या रात्री अनेक सभाप्रमुखांना ॲप उघडता आलं नाही. आत जे आकडे भरले गेले, ते कोडमधल्या चुकीमुळे पुढे अर्धवटच निघाले. मग सगळे फोनकडे धावले. एक सचिव तासाहून अधिक वेळ फोन धरून होता, आणि तेवढ्यात टीव्हीवर त्याची थेट मुलाखत सुरू झाली. पलीकडून एकदाचा आवाज आला, पण हा बोलत होता टीव्हीशी. पलीकडच्याने फोन ठेवून दिला! निकालाचा पहिला हप्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळकडे आला, आणि तोही सुमारे ६२ टक्के केंद्रांचाच.

यावर दोन स्पष्टीकरणं फार चालली. एक, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना ॲप जमलं नाही. सत्तरी ओलांडलेले आम्ही यावर जास्त बोलत नाही. अर्धवट आकडे काही म्हाताऱ्यांनी पाठवले नव्हते. दुसरं, कागदच बरा. तर याच आयोवात २०१२ साली रिपब्लिकन पक्षाने रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं त्या रात्री सांगितलं, आणि सोळा दिवसांनी सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. वर ८ केंद्रांचे कागद सापडलेच नाहीत. तेव्हा कागदाला सोवळं नेसवण्यात अर्थ नाही.

आम्हाला इथे न्यायदर्शनातला भेद उपयोगी वाटतो. त्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाला मोजणी प्रत्यक्ष होती. शेजारी कुठे उभा आहे हे त्याला दिसत होतं, चुकलं तर तिथल्या तिथे ओरडता येत होतं. दारातून बाहेर पडताच तो आकडा शब्दप्रमाण होतो, म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावर मानायचा. आणि सांगणारा आप्त हवा: वस्तुस्थिती ठाऊक असलेला आणि ती जशीच्या तशी सांगू इच्छिणारा. सभाप्रमुख आप्त होता, गावातला होता, उद्या दुकानात भेटणार होता. ॲप काय जाणत होतं? आणि कंपनीचा करार पक्षाशी होता, त्या हॉलमधल्या माणसाशी नव्हता. त्याला तर तिचं नावही सांगितलेलं नव्हतं. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ ला तिथली मतदान यंत्रं अवैध ठरवताना नेमकं हेच धरलं होतं, की मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. तो निकाल सार्वजनिक निवडणुकीचा होता, पक्षांतर्गत नव्हे. पण पक्षाच्या सभासदाला यापेक्षा कमी का मिळावं, हे आम्हाला कळत नाही.

आयोवात हॉलमधल्या माणसाची साक्ष वाचली ती हिशेबाच्या तक्त्यांमुळे. प्रत्येक सभेचा कागदी तक्ता होता, त्यावर सह्या होत्या, आणि त्या वर्षी मतदारांची पसंतीपत्रंही होती. पण तक्तेही चुकलेले निघाले. कुठे बेरीज चुकली, कुठे प्रतिनिधींचं वाटप. तेव्हा पक्षाच्या वकिलांनी मत दिलं की सही झालेल्या तक्त्यावरचं चुकीचं गणितसुद्धा पक्षाने परस्पर बदलू नये. जगभर हसू झालं. आम्हीही हसलो, पण नंतर विचार करता पटलं. चूक उघड्यावर होती, तिच्याखाली माणसांच्या सह्या होत्या, हरकत घ्यायची तर कुणावर घ्यायची ते ठाऊक होतं. तशी हरकत घेतलीही गेली. सँडर्स आणि बुटिजेज या दोघांच्याही बाजूने फेरतपासणी मागितली गेली. पहिल्या फेरीत सँडर्स सुमारे ६,००० मतांनी पुढे, प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज जेमतेम पुढे. असोसिएटेड प्रेसने विजेता जाहीरच केला नाही. आमची तक्रार एवढीच, की सहीबद्दलची ही निष्ठा ॲप विकत घेताना कुठे होती?

जबाबदारीचं विचाराल तर राज्यातल्या पक्षाध्यक्षांनी १२ फेब्रुवारीला राजीनामा दिला. नेवाडाने हेच ॲप घेतलं होतं, ते टाकून दिलं. डिसेंबरात राज्य पक्षाने करवलेला अहवाल आला. त्यात मोठा दोष राष्ट्रीय समितीवर होता: तिने आयत्या वेळी आकडे आपल्या पद्धतीत रूपांतरित करण्याचं साधन मागितलं, आणि चुका त्यात होत्या. अध्यक्ष, कंपनी, राष्ट्रीय समिती; घोंगडं एकमेकांच्या खांद्यावर टाकत तिघंही निघाले. त्यातल्या दोघांना निदान पुढच्या वेळी कार्यकर्ते प्रश्न विचारू शकतात.

२०२४ मध्ये आयोवाच्या डेमोक्रॅटांनी उमेदवाराची पसंती टपालाने मागवली आणि निकाल ५ मार्चला सांगितला. ॲपचा घोळ झाला नाही. जानेवारीत सभा भरल्या, पण त्या पक्षाच्या इतर कामासाठी. उमेदवाराच्या कोपऱ्यात कुणी उभं राहिलं नाही, कुणी शेजाऱ्याला मोजलं नाही.