पदाआधीचे वाक्य : ज्योत्स्ना भोले यांच्या नाट्यकर्तृत्वाचा एक विचार

ज्योत्स्ना भोले यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात गौरव पुष्कळ, परंतु चिकित्सा अल्प आहे. ‘गोड गळ्याची नटी’ या एका विशेषणात त्यांचे सारे कर्तृत्व गुंडाळून ठेवण्याची आपल्याला सवय झाली आहे. हे विशेषण खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे आणि काही अंशी दिशाभूल करणारेही आहे. गळा गोड असणाऱ्या स्त्रिया त्यांच्या आधी होत्या, नंतरही झाल्या. बोलक्या, वास्तव नाटकात पात्राने गावे कसे, हा जो प्रश्न 1930 नंतर मराठी रंगभूमीपुढे उभा राहिला, त्याला प्रत्यक्ष रंगमंचावर उत्तर देण्याचे काम मात्र फार थोड्यांच्या वाट्यास आले. ज्योत्स्नाबाई त्यांतील एक प्रमुख होत.

प्रश्नाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. गंधर्वयुगातील प्रेक्षकाला ‘हे पात्र आता का गाते?’ अशी शंका कधी येतच नसे. पौराणिक अथवा कल्पित कथानक, स्त्रीवेषातील पुरुष नट, ऑर्गन व सारंगी यांची साथ आणि ‘वन्स मोअर’ची आरोळी हा सारा एक मान्य संकेत होता. त्या संकेताच्या आत पद कितीही लांबले तरी नाट्य बिघडले असे कोणी म्हणत नसे. निदान उघडपणे म्हणत नसे. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. बोलपटाने नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला, एवढेच आपण सहसा सांगतो. पण त्याने एक सूक्ष्मतर गोष्टही केली. नटाचा चेहरा जवळून दाखवून, त्याचे हळू आवाजातले बोलणे ऐकवून, रंगमंचावरील गायनाचा संकेत त्याने एकाएकी जुना करून टाकला.

1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. श्रीधर विनायक वर्तक यांनी ते ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून रचले होते. स्त्रीपुरुषांना नीतीचा मापदंड एकच हवा, हा त्याचा विषय. अशा नाटकात राजकन्येप्रमाणे आलापी करणारी नायिका हास्यास्पदच ठरली असती. संगीतदिग्दर्शक केशवराव भोले यांनी पदे मोजकी ठेवली, चाली आटोपशीर बांधल्या व शब्दाला स्वराच्या पुढे बसविले. त्यांतील बिंबाची भूमिका ज्योत्स्नाबाईंनी केली. 11 मे 1914 रोजी गोमंतकात बांदिवडे येथे जन्मलेल्या व पूर्वाश्रमीच्या दुर्गा केळेकर असलेल्या या मुलीचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हा आग्रह येथे केवळ सुधारणेचा राहिला नाही. तो आवाजाच्या शास्त्राचा झाला. बोलण्याचा व गाण्याचा आवाज एकाच कंठातून, एकाच पट्टीजवळून निघाल्याखेरीज नवे नाट्यगीत उभे राहणे शक्य नव्हते.

या ठिकाणी एक साधा अनुभव नमूद करतो. बदलापूरजवळच्या मांजर्लीत एका स्नेह्यांच्या घरी आम्ही चौघेजण त्यांची जुनी नाट्यगीते ओळीने ऐकत बसलो होतो. मंडळी तृप्त झाली. मला मात्र काहीतरी सुटल्याची हुरहूर लागली. तीन मिनिटांच्या तबकडीवर पद येते, पण पदाच्या आधीचे वाक्य येत नाही. त्या वाक्यातून पदात शिरताना नटीचा श्वास कोठे बदलतो, सूर कोठून उचलला जातो, हे तबकडी सांगत नाही. आणि ज्योत्स्नाबाईंची खरी करामत, माझ्या समजुतीप्रमाणे, नेमकी त्याच सांध्यात होती. तिच्या खुणा तबकडीतही सापडतात. पदाचा पहिला शब्द त्या बहुधा गात नाहीत, उच्चारतात. व्यंजने स्वच्छ, स्वरांत कापरेपणा नाही, मुरकी अक्षरावर घेतलेली, अक्षराच्या आधी नव्हे. तान आलीच तर चरण पुरा झाल्यावर येते आणि लगेच मिटते. ही शिस्त भावगीताची आहे असे म्हणून टीकाकार मोकळे होतात. मला ती प्रथम नटीची शिस्त वाटते. भावगीताला तिचा पुढे लाभ झाला.

याची कसोटी 1942 सालच्या ‘कुलवधू’त लागली. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने सादर केलेल्या या नाटकाचे संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याची चाल खेळकर, रागाला घट्ट धरणारी आणि गायकाला मोह घालणारी; केशवरावांच्या संयमाहून प्रकृतीने अगदी भिन्न. अशा चालीत भानुमती हरवून जाण्याचा धोका होता. ती हरवली नाही. रागाचा विस्तार त्यांनी नाकारला नाही, पण तो पात्राच्या उत्साहाचा भाग करून टाकला. पदे घरोघरी गेली आणि तरीही ती भानुमतीचीच म्हणून ओळखली गेली.

भानुमती कोण? चित्रपटात काम करणारी विवाहित स्त्री, जिच्या यशाने पतीचा अहंकार दुखावतो. इब्सेनच्या नोराची आठवण या नाटकाच्या संदर्भात नेहमी काढली जाते. ती रास्तही आहे. पण त्याहून जवळची एक घटना आपण विसरतो. 1939 साली शांता आपटे यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले होते, आणि 1940 साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून पडद्यावरील स्त्रीच्या श्रमाचा व मोबदल्याचा प्रश्न रोखठोक विचारला होता. दोनच वर्षांनी रंगभूमीने तो प्रश्न उचलला, आणि उचलताना सौम्य केला. नटीचा झगडा कंपनीशी न राहता घरात, पतीच्या मनाशी आला. ‘कुलवधू’ हे नावच लेखकाचा कल सांगून जाते. ही नाटकाची मर्यादा आहे व ती मान्य केलीच पाहिजे. मात्र प्रयोगात एक विसंगती शिल्लक राहत असावी. संहिता ज्या स्त्रीला घराकडे वळवीत होती, तिच्या गळ्यातली ऐट मात्र जराही माघार घेत नव्हती.

पडद्यावर ज्योत्स्नाबाई रमल्या नाहीत. त्यांची चित्रपटांतील कामे तुरळक आहेत. हे त्यांचे अपयश असे काही जण ध्वनित करतात. मला तसे वाटत नाही. 1935 पासून पार्श्वगायनाची पद्धत हिंदी चित्रपटात रुजू लागली, आणि चेहरा एकीचा व कंठ दुसरीचा ही वाटणी दहा-बारा वर्षांत सर्वमान्य झाली. 1937 च्या ‘कुंकू’त शांता आपटे स्वतः गातात, तेथे पार्श्वसंगीतही नाही आणि संगीत केशवराव भोल्यांचेच आहे. रंगभूमीवर बिंबेसाठी शोधलेली वाट नीरेपर्यंत पोहोचली, असे म्हणता येते. परंतु ती वाट तेथेच बुजली. ज्या कलेचे मर्म बोलणे व गाणे यांच्या सांध्यात आहे, तिला सांधाच काढून टाकणाऱ्या माध्यमात काम उरत नाही.

2001 साली ज्योत्स्नाबाई निवर्तल्या. त्यांच्या पदांची नोटेशने विद्यार्थ्यांना शिकविली जातात. संहितांचे मात्र त्यांसोबत वाचन होत नाही. ‘कुलवधू’तील एखादे पद वर्गात घ्यावयाचे तर त्याआधीचे निदान अर्धे पान संवाद विद्यार्थिनीकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे, आणि मधे पेटीचा सूर देऊ नये. सूर कोठून आणावयाचा हे तिला तेव्हाच शोधावे लागेल.