‘टच ऑफ ईव्हिल’ : अनुमान आणि प्रमाण
ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटातील पोलीस अधिकारी क्विनलन खोटे पुरावे पेरतो. तथापि अखेरीस संशयिताने गुन्हा कबूल केल्याचे कळते. अनुमान खरे निघाल्याने मार्ग शुद्ध ठरतो काय, हा येथील मूळ प्रश्न होय.

स्टुडिओने वेल्स यांना डावलून चित्रपटाचे संकलन बदलले. त्यांच्या ५८ पृष्ठांच्या निवेदनाच्या आधारे १९९८ मध्ये वॉल्टर मर्च यांनी नवा पाठ सिद्ध केला. २००८ च्या डीव्हीडी-संचात तिन्ही पाठ एकत्र असल्याने त्यांची तुलना घरबसल्या शक्य झाली आहे. नव्या पाठात आरंभीच्या दीर्घ दृश्यावरील श्रेयनामावली नाही. त्यामुळे बॉम्ब ठेवलेल्या मोटारीवरच लक्ष खिळते. हा पाठही अखेर अनुमानच. परंतु ते लिखित प्रमाणाशी बांधलेले आहे. क्विनलनला तेवढेही बंधन मान्य नाही. पाठसंशोधकाने हा भेद विसरू नये.