वनस्पतिपोषणाच्या परिभाषेतील तीन शब्द

मुळे जमिनीतील क्षार ‘शोषून घेतात’, हे वाक्य शालेय पुस्तकांपासून कृषिविषयक लेखनापर्यंत सर्वत्र आढळते. टीपकागद शाई शोषतो, तेव्हा शाई कोणती हे तो पाहत नाही. मूळ मात्र पाहते. नायट्रेट आत घेणारे एक प्रथिनच त्याचे मातीतील प्रमाणही जोखते, असे २००९ मध्ये दिसून आले. सोडियम वाढताच पेशीतील कॅल्शियम वाढते आणि त्या इशाऱ्याने नको असलेले सोडियम बाहेर लोटले जाते. या निवडीचा भार ‘शोषण’ या शब्दास पेलत नाही. शेतकरी ‘पीक खत उचलते’ म्हणतो. त्यात निदान उचलणारा दिसतो. (ऊसतोडीच्या मोसमात ‘उचल’ म्हणजे मजुराने घेतलेली आगाऊ रक्कम, ही अडचण खरी, परंतु संदर्भाने ती सुटते.)

दुसरा शब्द ‘केवडा’. सोलापूरकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह पुष्कळ असते, पण विम्लधर्मी मातीत ते विरघळत नाही. तूर, हरभरा यांची मुळे लगतची माती आम्लधर्मी करून लोह सोडवितात. तृणकुलातील पिके लोहास धरून आणणारी द्रव्ये मातीत सोडतात. जव आणि गहू ती भरपूर सोडतात, ज्वारी बरीच कमी. हा उपाय अपुरा पडला की कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. उसावरील या विकृतीस ‘केवडा’ म्हणतात आणि ज्वारी-बाजरीवरील बुरशीजन्य रोगासही ‘केवडा’च म्हणतात. लोकभाषा रंगावरून नाव देते; तो तिचा अधिकारच होय. शास्त्रीय लेखकाने मात्र हा शब्द विशेषणावाचून वापरणे अक्षम्य आहे, कारण बुरशीच्या केवड्यावर लोह फवारणाऱ्याचे पैसे आणि हंगाम दोन्ही जातात.

‘ताण’ या शब्दाची गोष्ट निराळी. सांगोल्याचा डाळिंब-बागाईतदार बहर धरण्यासाठी पाणी तोडून झाडास ‘ताण देतो’. येथे कर्ता आहे, हेतू आहे, मुदतही आहे. शास्त्रग्रंथातील अवर्षणाच्या ताणास कर्ता नाही. तरीही झाडाच्या आत दोहोंचा आरंभ एकच : ॲब्सिसिक आम्ल वाढते, पर्णरंध्रे मिटतात आणि पाण्याबरोबर मुळाशी येणारे नायट्रेट घटते. हे विवेचन बागाईतदारापर्यंत त्याच्याच शब्दाने नेता येते. आपले लेखक तसे न करता ‘प्रतिबल’सारखे शब्द योजतात, याचे कारण मला उमगलेले नाही.