स्वस्त पण थांबणारी वीज: तुलना कुठे चुकते?

वाशीमच्या एमआयडीसीतला एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. पुरवठा मधूनच बंद करू द्यायची तयारी असेल तर युनिटचा दर कमी. हाच इंटरप्टिबल टॅरिफ. घ्यावा का? आपण दोन दर शेजारी ठेवतो, वजाबाकी करतो आणि मोकळे होतो. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण महावितरणचं. उच्चदाब उद्योगांसाठी 'कंटिन्युअस' आणि 'नॉन-कंटिन्युअस' असे दोन दर होते. 12 सप्टेंबर 2008 च्या आदेशात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने स्पष्ट केलं, की एक्सप्रेस फीडरवर असलेला आणि अखंड पुरवठा मागणारा उद्योग तेवढा कंटिन्युअस. बाकीचे नॉन-कंटिन्युअस, त्यांचा दर कमी. निवड बदलायची तर वर्षातून एकदाच, दर-आदेशानंतरच्या पहिल्या महिन्यात.

हा दर सरळ 'इंटरप्टिबल' धरायचा मोह होतो. पण तशा करारात जास्तीत जास्त किती तास बंद, किती आधी सूचना आणि न थांबल्यास काय दंड, हे लिहिलेलं असतं. नॉन-कंटिन्युअस ही नुसती वर्गवारी होती. भारनियमन ओसरल्यावर तिची अडचण उघडी पडली: वीज जात नाही, सवलत मात्र चालू. वर्ग बदलण्यावरून वाद झाले. शेवटी नोव्हेंबर 2016 च्या दर-आदेशात दोन्ही वर्ग एक झाले.

आता हिशोब करू. आकडे मानलेले आहेत. महिन्याला 1,00,000 युनिट, सवलत 50 पैसे, म्हणजे बचत 50,000 रुपये. डाळ मिल थांबली तर मजुरी वाया जाते, तूर तिथेच राहते. एका वेळचं नुकसान 5,000 धरलं तर महिन्यात नऊ वेळा वीज गेली तरी फायदाच. सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट थांबला तर हेक्झेन, वाफ, तापमान सगळं पुन्हा जुळवावं लागतं. तिथे 40,000 धरले तर दुसऱ्याच वेळी तोटा. दर तोच, उत्तर उलटं!

आणखी एक फसगत आहे. स्वस्त दर निवडतात ते मुळात थांबणं परवडणारे कारखाने. त्यांच्या बचतीची सरासरी काढून योजना सगळ्यांच्या फायद्याची ठरवू नका.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना दराशेजारी तीन रकाने आखा: वीज किती वेळा गेली, सूचना किती आधी मिळाली, पुन्हा सुरू करायला किती खर्च आला. ते रिकामे असतील तर तुमची तुलना अजून झालेलीच नाही.